ॲप वाळीत टाकायचं कोणी?

कुठे दंगल झाली, कुणाला जमावाने मारलं, की दोन दिवसांत एक मागणी ठरलेली, ते ॲपच बंद करून टाका. आमच्या वाडीच्या ग्रुपवर (गावातले थोडे आणि मुंबईचे चाकरमानी ढीगभर) मागच्या आठवड्यात हाच विषय पेटलेला. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्याचं म्हणणं एका ओळीत, "मामा, सर्व्हर कंपनीचा, मर्जी कंपनीची." थोरले काका दापोलीत मास्तर होते, आता रिटायर, त्यांनी व्हॉइस मेसेज टाकला की असं मर्जीवर चालायला लागलं तर मग गावकी (गावच्या पंचांची बैठक, जी घरं वाळीत टाकायची) काय वाईट होती. त्यावर सगळ्यांनी हसायचे इमोजी टाकले आणि विषय आंब्याच्या पेट्यांवर गेला. मला मात्र काकांचं ते वाक्य डोक्यातून जाईना, आणि ग्रुपवर एवढं मोठं टाईप केलं तर कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी ज्याच्यावरून ही चर्चा जगभर झाली ते पार्लरचं प्रकरण सांगतो, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना ट्रम्पचं ट्विटर बंद झालं एवढंच माहीत आहे. 6 जानेवारी 2021 ला अमेरिकेत जमाव संसदेच्या इमारतीत घुसला, निवडणुकीचा निकाल मान्य नाही म्हणून, जवळपास 140 पोलीस जखमी झाले. 8 तारखेला ट्विटरने ट्रम्पचं खातं कायमचं बंद केलं. मग लोक पळाले पार्लरवर, हे 2018 ला सुरू झालेलं ट्विटरसारखंच ॲप, "आम्ही कोणाला गप्प करत नाही" हीच त्यांची जाहिरात. एवढे लोक गेले की ॲपलच्या फुकट ॲपच्या यादीत ते एक नंबरला पोचलं. आणि त्याच शनिवार-रविवारात खेळ खलास. गूगलने 8 तारखेलाच प्ले स्टोअरमधून उडवलं, ॲपलने 24 तास दिले की सुधारणेचा प्लॅन दाखवा आणि 9 तारखेला काढून टाकलं, आणि ज्यांच्या सर्व्हरवर, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरवर, पार्लर चालायचं त्या ॲमेझॉनने 9 तारखेला बंद करत असल्याचं कळवलं आणि 10 च्या रात्री खरंच बंद केलं. स्टोअरमधून काढलं तरी ज्यांच्या फोनवर आधीच होतं त्यांचं चालू राहिलं असतं, वेबसाईट चालली असती. सर्व्हर गेल्यावर काहीच उरलं नाही.

तेव्हाचे त्यांचे सीईओ जॉन मॅट्झ टीव्हीवर सांगत होते की एसएमएस पाठवणारी कंपनी, ईमेलची सेवा, अगदी वकीलसुद्धा एकाच दिवशी सोडून गेले.

हे वाचलं आणि मला काकांचं बरोबर वाटलं. ज्यांनी रायगड-रत्नागिरीतली गावकी जवळून बघितलीय त्यांना हे चित्र नवीन नाही. बैठक बसते, पंच ठरवतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या घराला दुकानदार मीठ देत नाही, न्हावी दाढी करत नाही, लग्नाला कोणी येत नाही, शिमग्याला पालखी सगळ्या वाडीत फिरते आणि त्या एका दारासमोरून तशीच पुढे जाते. कोणी मारत नाही, हात लावत नाही. प्रत्येकजण म्हणतो मी फक्त माझं दुकान बंद ठेवलं, माझं दुकान माझी मर्जी. पण सगळ्यांची मर्जी एकाच रात्री एकसारखी कशी काय फिरली हे कोणी विचारायचं नाही. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी एवढ्या यायला लागल्या, दंड भरा नाहीतर बाहेर राहा असल्या, की महाराष्ट्राला त्याच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. 2016 ला विधिमंडळात पास झाला, 2017 पासून लागू, सामाजिक बहिष्कार घातला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य. म्हणजे "माझं दुकान माझी मर्जी" हे कारण आपण कायद्यानेच नाकारलेलं आहे, निदान माणसांच्या बाबतीत.

आता भाचा म्हणेल (म्हणालाच, फोन करून म्हणाला) की मामा, वाळीत पडलेल्या घराने गुन्हा काय केलेला असतो, आंतरजातीय लग्न केलं, पंचांना हिशोब विचारला, निवडणुकीला उभा राहिला. पार्लरवर लोक अमक्याला फाशी द्या, तमक्याला गोळ्या घाला लिहीत होते. त्याचं हे म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे आणि इथेच माझं गावकीचं उदाहरण लंगडं पडतं हे मी आधीच सांगून टाकतो. ॲमेझॉनने कोर्टात सांगितलं की नोव्हेंबरपासून आम्ही पार्लरला अशा पोस्टी दाखवत होतो, 98 उदाहरणं दिली होती, आणि तक्रारींचा ढीग 26,000 वर गेला तरी पार्लरकडे त्या तपासायला माणसं नव्हती. पार्लरची तपासणीची पद्धत काय, तर वापरणाऱ्यांतूनच नेमलेले स्वयंसेवक पंच. हो, पंचच. म्हणजे ज्याने धमकी लिहिली त्याच्याच आळीतली माणसं ठरवणार की ही धमकी आहे का. पार्लरने ॲमेझॉनवर केस केली, 21 जानेवारीला न्यायाधीश बार्बरा रोथस्टीन यांनी सर्व्हर परत सुरू करायचा आदेश द्यायला नकार दिला. मला तो निकाल चुकीचा वाटत नाही. कोणाच्या खुनाची भाषा चाललीय आणि ती मी माझ्या पैशाने, माझ्या विजेवर चालवून दाखवायची अशी सक्ती कोणावर कशाला.

मग माझी अडचण नक्की काय आहे? अडचण ही की पार्लरला जी फूटपट्टी लावली ती कोणी, कधी, आणि कोणाकोणाला लावणार हे कुठेच लिहिलेलं नाही.

बघा, 6 जानेवारीच्या आधीची जमवाजमव फक्त पार्लरवर झाली का? फेसबुकवर "स्टॉप द स्टील" नावाचा, म्हणजे निवडणूक चोरली म्हणणाऱ्यांचा, ग्रुप निवडणुकीनंतर निघाला, दिवसभरात तीन लाखांच्या वर लोक जमले तेव्हा फेसबुकने तो बंद केला, पण बाकीचे लहान लहान निघतच राहिले. नंतर ज्यांच्यावर खटले भरले त्यांच्या कागदपत्रांत फेसबुकचं नाव पार्लरपेक्षा कितीतरी जास्त वेळा आलं. फेसबुकचं ॲप कोणी स्टोअरमधून काढलं? आणि हे तर काहीच नाही, म्यानमारचं बघा. 2017 ला सात लाखांहून जास्त रोहिंग्या मुसलमान घरंदारं सोडून बांगलादेशात पळाले, संयुक्त राष्ट्रांच्या तपासणी पथकाने 2018 ला उघड सांगितलं की द्वेष पसरवण्यात सोशल मीडियाचा मोठा हात आहे, आणि तिथे सोशल मीडिया म्हणजे फेसबुकच. फेसबुकने ऑगस्ट 2018 ला लष्करप्रमुख मिन आँग हलाईंगसकट बऱ्याच जणांची खाती आणि पानं काढली, आपण पुरेसं केलं नाही हेही नंतर कबूल केलं. पण ॲपलने किंवा गूगलने फेसबुकला 24 तासांची नोटीस पाठवली असं काही घडलं नाही. घडणारच नाही. पाचशे माणसांच्या वाडीत गरीब घर वाळीत पडतं, ज्याच्या मालकीची विहीर आहे तो कधीच पडत नाही.

यावरून मला लहान वाईट ॲपची कीव येते असं समजू नका. गॅब या पार्लरसारख्याच साईटचं उदाहरण घ्या. 27 ऑक्टोबर 2018 ला अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) घुसून एकाने 11 जणांना मारलं, जायच्या आधी गॅबवर लिहून गेला. पैशाचे व्यवहार करणारं पेपॅल, डोमेन म्हणजे वेबसाईटचं नाव देणारं गोडॅडी, सर्व्हर देणारे होस्टिंगवाले, सगळ्यांनी सोडलं. साधारण आठवड्याभरात गॅब परत चालू. एटचॅन या निनावी पोस्टींच्या साईटला ऑगस्ट 2019 ला क्लाउडफ्लेअरने (वेबसाईटना हल्ल्यांपासून वाचवणारी कंपनी) सोडलं, अमेरिकेतल्या एल पासोच्या गोळीबारानंतर, नोव्हेंबरात ते नाव बदलून परत हजर. काही उपयोग होतो का याचा? होतो थोडा, वाटेवरचा माणूस सहज आत शिरत नाही, गर्दी कमी होते. पण जे कट्टर असतात ते अजून अंधाऱ्या जागी जाऊन बसतात आणि तिथे त्यांना "बघ म्हणालो नव्हतो का, आपल्याला गप्प करतायत" म्हणायला पुरावाच मिळतो.

क्लाउडफ्लेअरचंच अजून एक सांगायला हवं, कारण मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात प्रामाणिक माणूस त्यांचा सीईओच वाटला. 2017 ला अमेरिकेत शार्लट्सव्हिलला गोऱ्या वंशवाद्यांच्या मोर्चात हिंसा झाली, त्यानंतर त्यांनी एक नाझी विचारांची साईट बंद केली आणि कंपनीचे सीईओ मॅथ्यू प्रिन्स यांनी आपल्याच स्टाफला लिहिलं की मी सकाळी उठलो तेव्हा मूड खराब होता आणि मी ठरवलं की हे लोक इंटरनेटवर नकोत. आणि पुढे हेही लिहिलं की एका माणसाच्या हातात एवढी ताकद असता कामा नये. काढलं ते बरंच झालं, ती साईट घाणेरडीच होती. पण ज्याने काढलं तोच सांगतोय की आज मूड असा होता म्हणून काढलं. उद्या मूड वेगळा असेल तर?

आणि मूड बदललाच की! मला वाटतं 2021 ला ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी पुढची चार वर्षं नीट बघायला हवी होती. नोव्हेंबर 2022 ला ट्विटरचा मालक बदलला होता, नव्या मालकाने लोकांकडून मतं मागवली आणि कायमचं बंद केलेलं खातं चालू केलं, कायमचं म्हणजे दोन वर्षंसुद्धा नाही. फेसबुकनेही त्यांचं खातं बंद केलं होतं, 2023 च्या सुरवातीला तेही चालू केलं. ते ठीक आहे, मत बदलू शकतं माणसाचं. पण जानेवारी 2025 ला ट्रम्प परत खुर्चीत बसले आणि मेटाने (फेसबुकची मालक कंपनी) त्या बंदीवरून चाललेली केस अडीच कोटी डॉलर देऊन मिटवली, फेब्रुवारीत एक्सने (ट्विटरचंच नवं नाव) साधारण एक कोटी दिले, सप्टेंबरात यूट्यूबने दोन कोटी पंचेचाळीस लाख. चूक झाली असं कोणी म्हणालं नाही, पैसे मात्र दिले. हिंसेला आमचा विरोध हे जर खरंच तत्त्व होतं तर ते खुर्चीवर कोण बसलंय त्याच्यावर का अवलंबून असावं? तेव्हा हरलेला माणूस होता म्हणून काढला, आता जिंकलेला आहे म्हणून पैसे. आमच्याकडे गावकीतसुद्धा असंच व्हायचं म्हणतात, वाळीत टाकलेल्याचा पोरगा साहेब होऊन आला की पहिला मान त्याला.

बरं, हे झालं अमेरिकेचं. आपल्याकडे प्रश्न जरा वेगळा आहे आणि भाच्याला तेच कळत नाहीये. आपल्याकडे ॲप नुसतं कंपनी काढते असं नाही, सरकारही काढायला लावतं. आयटी ॲक्टचं कलम 69अ, त्याखाली सरकार इंटरनेटवरच्या गोष्टी बंद करायला सांगू शकतं. 29 जून 2020 ला टिकटॉकसकट 59 ॲप एका प्रेसनोटवर गेली (आम्ही तेव्हा निसर्ग वादळातून सावरत होतो, 3 जूनला वादळ येऊन गेलं, दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस ना लाईट ना टॉवर, त्यामुळे टिकटॉक गेलं काय राहिलं काय, आमच्याकडे बातमीच उशिरा पोचली). ते चिनी ॲपचं कारण वेगळं होतं, सीमेवरचं. पण रस्ता तोच. आणि त्या कलमाखालचे जे 2009 चे नियम आहेत त्यात 16 नंबरचा नियम सांगतो की हे सगळं गोपनीय ठेवायचं. म्हणजे तुमचं खातं का गेलं हे तुम्हाला कळेलच असं नाही. ॲमेझॉनने निदान पत्र लिहून 98 उदाहरणं दिली होती, आपल्याकडे कित्येकांना तेवढंही मिळत नाही.

आणि राजकीय हिंसा म्हणजे काय हे कोण ठरवणार, यावर कोकणातल्या माणसाने तरी दहा वेळा विचार करावा. नोव्हेंबर 2012 ला पालघरमध्ये, म्हणजे आपल्याच कोकण विभागात, दोन मुलींना अटक झाली, एकीने बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने लाइक केलं. जमावाने तोडफोड केली ती एकीच्या काकांच्या दवाखान्याची. अटक पोस्ट लिहिणारीला! त्यांना लावलेलं आयटी ॲक्टचं 66अ कलम मग सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं, श्रेया सिंघल केस. दुसरं, फेब्रुवारी 2023 ला राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं, तिथल्या बारसूला होऊ घातलेल्या तेल रिफायनरीच्या बाजूच्या माणसाबद्दल बातमी छापून आली त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी ते गेले. आपल्या किनाऱ्यावर अलीकडे झालेली राजकीय हिंसा म्हणाल तर मला ही पहिली आठवते, आणि तिला ॲप लागलं नाही, गाडी पुरली. नंतर एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती तपासणीच्या वेळी बाया उन्हात बसल्या, लाठ्या आणि अश्रुधूर खाल्ला, त्याचे व्हिडिओ जगाला दिसले ते फोनवरूनच. आता समजा अशा आंदोलनाचा स्वतःचा छोटासा ॲप असता किंवा वेबसाईट असती, आणि कोणी कंपनीला कळवलं असतं की हे हिंसेशी संबंधित आहे, तिथे दगडफेक झाली. परदेशातल्या ऑफिसमध्ये बसलेला माणूस काय करणार? बारसू कुठे आहे हे त्याला माहीत नाही, मराठी येत नाही, वकील सांगणार काढून टाक, कटकट नको. "हिंसेशी संबंध" हा शब्दप्रयोग एवढा ढिला आहे की त्यात कोणीही बसतं.

म्हणून मला काढून टाकण्यापेक्षा व्हॉट्सॲपने 2018 ला जे केलं ते जास्त पटतं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं, देशात तेव्हा अशा बऱ्याच घटना झाल्या, मोबाईलवरच्या अफवांनी. व्हॉट्सॲप बंद करा अशी ओरड होतीच. कंपनीने काय केलं, मेसेजवर "फॉरवर्डेड" लिहून यायला लागलं, भारतात एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवता येईल असं केलं, नंतर 2020 ला जो मेसेज फार फिरलाय तो एका वेळी एकालाच. कोणाचं तोंड बंद केलं नाही, फक्त पळायचा वेग कमी केला. याने सगळं थांबलं का, नाही थांबलं, 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचल्याला अफवेवरूनच दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असे तिघे मारले गेले. अफवेला फोन लागतोच असं नाही, ती पायी पण चालते. तरी ही दिशा मला बरोबर वाटते, कारण यात हे वाईट लोक आणि ते चांगले लोक असं ठरवायची वेळच येत नाही, यंत्राचा स्क्रू आवळला की तो सगळ्यांना सारखा.

आणि 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा कुठल्या गच्चीवर कोण अडकलंय हे याच व्हॉट्सॲपवर फिरत होतं. अख्खं ॲप बंद करा म्हणणाऱ्यांनी हे पण धरावं हिशोबात.

तर माझं मत विचाराल, काकांना फोनवर सांगितलं तेच इथे. ॲप स्टोअरवाल्याने काढायला माझी ना नाही, ते दुकान आहे, पण दुकानं जगात दोनच असतील तर त्याने आधी लेखी कळवावं, कुठल्या पोस्टी, कुठला नियम, किती मुदत, आणि तोच नियम फेसबुक-यूट्यूबला लावून दाखवावा. सर्व्हर, डोमेन, पैशाचे व्यवहार करणारे, हे खाली पाया आहेत, यांनी एवढं टोकाचं पाऊल कोर्टाच्या कागदाशिवाय उचलू नये, आणि अगदीच जीवावर बेतणारं असेल, आत्ता या क्षणी कोणी मरेल असं, तर थांबवा पण आठवड्याभरात कोर्टात जाऊन कारण सांगा. बंद झालेल्या ॲपवरचे लोकांचे फोटो, मेसेज त्यांना परत मिळाले पाहिजेत. आणि ज्याने धमकी लिहिली त्याला पकडा ना. ते पोलिसांचं काम, ते अवघड म्हणून सगळे ॲपच्या मागे लागतात.

भाचा म्हणतो कोर्टाला वेळ कुठे आहे. बरोबर आहे. पण कोर्ट अगदीच कामाचं नाही असंही नाही, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 ला सांगितलं की ग्रुपमध्ये कोणी काहीबाही टाकलं, आणि ॲडमिनचा त्यात आधीपासून हात नव्हता, तर ॲडमिन गुन्हेगार होत नाही. मी तीन ग्रुपचा ॲडमिन आहे, शिमग्याच्या मानपानावरून आमच्या ग्रुपवर जी भाषा होते ती बघता मला त्या निकालाने किती बरं वाटलं असेल विचार करा.

पार्लरचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो, कारण भाच्याला ते माहीतच नव्हतं. फेब्रुवारी 2021 ला दुसरीकडे सर्व्हर घेऊन ते परत सुरू झालं. मे महिन्यात ॲपलने परत घेतलं, आयफोनवर घाण पोस्टी लपवायच्या अटीवर. गूगलने सप्टेंबर 2022 ला घेतलं. मध्ये अमेरिकेतला रॅप गायक कान्ये वेस्ट विकत घेणार म्हणून गाजावाजा झाला, ते फिसकटलं. एप्रिल 2023 ला दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं आणि त्याच दिवशी बंद करून ठेवलं, म्हणाले अशी ट्विटरची नक्कल आता धंदा म्हणून चालणार नाही. 2024 ला कोणीतरी परत उघडलंय, पण तोपर्यंत लोक कुठे कुठे पांगले होते, ट्रम्पचं स्वतःचं ट्रुथ सोशल नावाचं ॲप आलं होतं आणि ट्विटरवरची दारं परत उघडली होती.

आपल्याकडे आता निदान एक सोय आहे. फेसबुक किंवा इन्स्टाने पोस्ट उडवली, खातं बंद केलं, आधी त्यांच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे गेलात आणि उत्तर पटलं नाही, तर 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं, 2023 पासून चालू आहे. समिती सरकारनेच नेमलेली, त्यामुळे सरकारच्या विरोधातली पोस्ट असेल तर किती आशा ठेवायची ते आपापलं ठरवा. काका म्हणतायत एकदा अर्ज करून बघूच, त्यांची धरणाच्या रखडलेल्या कामावरची पोस्ट मागे गायब झाली होती, कारण आलं "समुदाय नियमांचं उल्लंघन". कुठला नियम ते नाही लिहिलेलं. फॉर्म मी भरून देणार आहे, कारण ओटीपी माझ्या फोनवर येतो.